जुन्या कंप्युटरवर विंडोज ११ टाकताय? या चुका टाळा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर जुनं मशीन विंडोज ११ वर न्यायची घाई होणं साहजिक आहे. पण अपग्रेड फसतं ते बहुतेक वेळा इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधीच.

‘पात्र नाही’ वाचून मशीन मोडीत काढणं

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरनेच मशीन सुरू होऊ देणारी सोय) लागतं. टीपीएमची सोय अनेक मशीनमध्ये असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मशीनवर ती पीटीटी या नावाने सापडेल, एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम या नावाने. ती चालू करा आणि पीसी हेल्थ चेक (मशीन पात्र आहे का ते सांगणारं माइक्रोसॉफ्टचं टूल) पुन्हा चालवून बघा. प्रोसेसरची अट मात्र सेटिंग बदलून सुटत नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी रायझन २००० मालिका, साधारण तिथून पुढचेच प्रोसेसर यादीत आहेत.

बायोसमध्ये थेट यूईएफआय निवडणं

सिक्युअर बूट चालायला यूईएफआय ही मशीन सुरू करायची नवी पद्धत लागते, आणि सगळ्यात जास्त घबराट इथे उडते. सेटिंग बदलली, मशीन रीस्टार्ट केलं आणि विंडोज सापडेचना! डेटा गेलेला नसतो. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते आणि यूईएफआयला विंडोज सुरू करायला जीपीटी ही नवी पद्धत लागते, एवढंच. सेटिंग परत लेगसी (जुन्या पद्धतीची) करा, मशीन पूर्वीसारखं सुरू होईल. मग बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या टूलने डिस्कची पद्धत जीपीटी करा आणि त्यानंतरच यूईएफआयकडे वळा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (मुख्य भाग) असतील तर हे टूल नकार देतं. ते आधी तपासा.

बायोसला हात लावण्यापूर्वी आणखी एक गोष्ट बघाच. डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधल्या कुलूप लावणाऱ्या सोयीने) एन्क्रिप्ट केलेली असेल, तर या बदलांनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. काही लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. की बहुधा माइक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. ती कागदावर लिहून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा. की हाती नसेल तर फोटो, कागदपत्रं, सगळंच कुलपात अडकतं.

बॅकअप त्याच डिस्कवर घेणं

सी ड्राइव्हमधल्या फाइल डी ड्राइव्हमध्ये टाकल्या म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. दोन्ही ड्राइव्ह बहुतेकदा एकाच डिस्कचे भाग असतात. बाहेरची डिस्क वापरा आणि त्यातल्या चार-दोन फाइल उघडूनही बघा.

जुन्या हार्ड डिस्कवरच अपग्रेड करणं

माझं स्पष्ट मत आहे: फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. अपग्रेडच्या वेळी डिस्कवर हजारो फाइल लिहिल्या जातात. दुखणाईत डिस्क नेमकी तेव्हाच मान टाकू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या टूलमध्ये ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं, तर आधी डेटा बाहेर काढा.

अटी चुकवून जबरदस्तीने विंडोज ११ टाकणं

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) बदल करून हे जमतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी माइक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एसएसई४.२ सूचनासंच नसलेल्या फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज सुरूच होत नाही. रोजच्या कामाच्या मशीनवर हा मार्ग मी सुचवणार नाही. त्यापेक्षा लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते डिस्कला धक्का न लावता कळेल.

अपग्रेड अडकलं तर

एरर कोडमध्ये सी१९००१०१ दिसलं तर बहुधा ड्रायव्हरची गडबड असते. प्रिंटर, वेबकॅम, जादा यूएसबी उपकरणं काढा, बाहेरचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा आणि पुन्हा प्रयत्न करा. अपग्रेड होऊनही मशीन नीट चालत नसेल, तर पहिल्या १० दिवसांत सेटिंग्जच्या रिकव्हरीमधून विंडोज १० वर परतता येतं. तोवर जागा मोकळी करण्यासाठी विंडोज.ओल्ड हे फोल्डर पुसू नका. परतीची वाट त्यातूनच जाते.