इग्वानाचा सहा फुटी पिंजरा: घरीच बांधताना

आधी कायद्याचं. इग्वानासारखीच दिसणारी आपली घोरपड पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, तेव्हा ‘पिल्लूच आहे, घ्या’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. हिरवा इग्वाना हा मोठा सरडा परदेशी असला तरी त्याचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पुढचं सगळं इग्वानासाठी आहे.

पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट पाच फुटांच्या घरात जातो आणि राहतो झाडावर. म्हणून ६ फूट रुंद, ३ फूट खोल, ६ फूट उंच हे किमान माप. एवढी जागा नसेल तर प्राणी दुसरा निवडा.

टेप पहिल्यांदा खोलीच्या दाराला लावा. फ्लॅटमधलं बेडरूमचं दार बहुधा अडीच ते तीन फुटांचं असतं. तीन फूट खोल पेटी बाहेर जोडली तर बाहेरच राहणार. आठ फुटी शीट लिफ्टमध्येही मावत नाही. तेव्हा पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्येच प्लाय कापून घ्या आणि जोडणी खोलीत, खिळ्यांऐवजी नट-बोल्टने करा.

प्लाय १८ मिमी, आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन प्लाय. ८ बाय ४ च्या सहा शीट लागतात, प्रत्येकीतून ६ बाय ३ चा एक तुकडा: दोन बाजू, तळ, छत आणि पाठीला दोन. पाठ दोन्ही बाजूंच्या आत बसते, म्हणून तिची एकूण रुंदी ३६ मिमीने कमी करा. उरलेल्या पट्ट्यांतून दर्शनी भागाच्या खालच्या-वरच्या सहा इंची पट्ट्या आणि आतल्या फळ्या निघतात. तळाला चार इंची पाय द्या, फरशी पुसताना पाणी प्लायपर्यंत जाता कामा नये.

वायर, जाळी, बोल्ट, सगळ्यांची भोकं रंगाआधी पाडा. आत ६५ ते ७५ टक्के आर्द्रता राहणार, आणि प्लाय फुगतो तो पृष्ठभागावरून नाही, कापलेल्या कडेतून. सुतार सनमायका सुचवेल. लावा, पण कडा उघड्या ठेवल्या तर तो काही कामाचा नाही. इपॉक्सीचे दोन-तीन हात कडांना आणि भोकांच्या आतूनही द्या. जोडणी झाल्यावर कोपऱ्यांत सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत इग्वाना आत नको. कोरड्या हवेत वेळ जास्त लागतो.

पुढे ६ मिमी टफन्ड काच, अ‍ॅल्युमिनियम चॅनेलमध्ये सरकणारी. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून चॅनेल बसवून मगच माप द्या. हवेसाठी एका बाजूला खाली आणि तिच्या विरुद्ध बाजूला वर, प्रत्येकी १ फूट बाय ६ इंची स्टीलची वेल्डेड जाळी. मच्छरदाणीच्या जाळीत नखं अडकून उपटतात.

दिव्यांत सगळ्यात जास्त चुका होतात. एकच लहान, तीव्र बल्ब लावला की पाठीचा एवढासा भाग भाजतो आणि बाकीचं अंग थंडच राहतं. मग इग्वाना तिथून हलत नाही आणि जखम वाढते. त्यापेक्षा ८० ते १०० वॉटचे दोन फ्लड बल्ब (रुंद झोताचे) शेजारी शेजारी, सिरॅमिक होल्डरमध्ये, भोवती जाळीचा पिंजरा. प्लास्टिक होल्डर वितळतो. हे सामान तपकीर गल्लीत मिळतं. बसायच्या जागी ३२ ते ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २६-२७. तापणारे दगड घेऊच नका, पोट भाजतं.

शेजारीच चार फुटी टी५ यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब, १२ टक्क्यांची, रिफ्लेक्टरसह, इग्वानाच्या पाठीपासून ३५ ते ४५ सेंटीमीटरवर. मोजायचं ते पाठीपासून, फळीपासून नव्हे. काचेतून यूव्हीबी येत नाही, त्यामुळे खिडकीतलं ऊन धरू नका. ट्यूब उजेड देत असली तरी वर्षाने बदला. नाही तर कॅल्शियम शोषलं जात नाही आणि हाडं वाकतात.

फांदी इग्वानाच्या अंगाइतकी जाड, पेरूची किंवा आंब्याची. कण्हेर नको, ती विषारी. प्लायच्या बाहेरून मोठा वॉशर घालून बोल्टने आवळा. तळाला व्हिनाइल शीट, कडा भिंतीवर तीन इंच चढवून. कोकोपीट (नारळाचा भुसा) घातलं तर इग्वाना ते खातो. पाण्याचा टब आत-बाहेर काढता येईल असाच घ्या, कारण शी बहुतेक त्यातच होणार. आर्द्रतेसाठी टँकरचं पाणी फवारलं तर नोझल क्षारांनी बंद होतं, आरओचं वापरा.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा दहाच्या आसपास येतो. रात्रीसाठी १५० वॉटचा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर, २४ अंशांवर लावलेला. एप्रिलमध्ये उलट होतं: पिंजरा पश्चिमेच्या भिंतीला असेल तर दिवे बंद असूनही आतली हवा ३८ च्या पुढे जाते. आतल्या भिंतीलाच ठेवा. पूर्ण लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) हवाच, फवारा आणि वीज एकाच पेटीत आहेत.

रिकामा पिंजरा चार दिवस चालवून पाहा. दुपारी दोनला आणि पहाटे पाचला दोन्ही टोकांचं तापमान टिपा. पहाटे २४ च्या खाली येत असेल तर आधी जास्तीचा हीटर घेऊ नका. वरची जाळी अर्धी झाकून पुन्हा मोजा.