लोकरी हातमाग कापड: आधी पन्हा, मग डिझाइन

हातमागावरच्या लोकरी कापडाचा पन्हा बहुतेकदा अरुंद असतो. म्हणून आधी पन्हा मोजा आणि त्यावरून कपडा ठरवा. सरळ, चौकोनी तुकड्यांतून जाकीट बेतलं तर चिंध्या फारच थोड्या उरतात आणि विणकराने राखलेला काठ खालच्या घेराला किंवा बाहीच्या टोकाला तसाच ठेवता येतो. तो कापून टाकणं माझ्या तरी जिवावर येतं! बेतण्याआधी कापड कोमट पाण्यात न चोळता भिजवा, न पिळता सपाट वाळवा. आटायचं ते तेव्हाच आटू दे. सैल विणीचे धागे पटकन सुटतात, तेव्हा माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, किमान दीड-दोन सेंटिमीटर सोडा आणि कडांना सुती पट्टी लावा. पुढे कपडा उसवून सैल करायलाही हीच माया कामी येते.