मेलमधलं जुनं एन्क्रिप्शन काढायला बसलात, तर आधी हे वाचा

सोलापुरात राहून ओपन सोर्सचं काम होतं का? होतं. त्यासाठी पुण्यात खोली घ्यायची गरज नाही. पॅच होटगी रोडवरून आला की हिंजवडीतून, याच्याशी रिव्ह्यू करणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. मे महिन्यात लॅपटॉप तापतो, म्हणून मोठा बिल्ड रात्री लावायचा, एवढंच.

गिट आणि सी येतं असं धरतो. मेल प्रोग्रॅममधलं जुनं एन्क्रिप्शन काढायचं काम वरून सोपं दिसतं. ट्रिपल-डीईएस, आरसी२ ही जुन्या सायफरची (एन्क्रिप्शनच्या पद्धतींची) नावं शोधायची, खोडायची, तिथं नवा सायफर एईएस लिहायचा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या ३.० आवृत्तीनं २०२१ मध्ये आरसी२, आरसी४ लेगसी प्रोव्हायडरमध्ये, म्हणजे जुन्या सायफरच्या वेगळ्या कप्प्यात, ढकललेच आहेत, मग आपण कशाला मागं राहायचं?

इथंच फसायला होतं. माझा पॅच एका प्रश्नावर परत आला: मग जुने मेल कसे उघडणार?

टीएलएसचं, म्हणजे वेबसाइटशी होणारं सुरक्षित कनेक्शन तुटलं की विषय संपतो. मेल मात्र वर्षानुवर्षं पडून असतो. २००५ साली ट्रिपल-डीईएसनं एन्क्रिप्ट केलेला मेल आजही कुणाच्या तरी फोल्डरमध्ये तसाच आहे. आपण डिक्रिप्शनचा कोड उडवला, की किल्ली हातात असूनही त्या माणसाला स्वतःचा मेल वाचता येत नाही. म्हणून पाठवताना जुनं बंद आणि वाचताना चालू. जुन्या कोडमध्ये दोन्हींसाठी बऱ्याचदा एकच यादी असते. पहिल्या पॅचमध्ये फक्त त्या यादीच्या दोन याद्या करा, वागणूक काडीची बदलू नका. छाटणी दुसऱ्या पॅचमध्ये. ओपनपीजीपी या मेल एन्क्रिप्शनच्या पद्धतीचं २०२४ चं मानक, आरएफसी ९५८०, हेच सांगतं: ट्रिपल-डीईएसनं एन्क्रिप्ट करायचंच नाही, पण जुने मेल वाचण्यापुरतं डिक्रिप्ट करायला मुभा आहे. मी ते नंतर वाचलं, तुम्ही आधी वाचा.

पण वाचू द्यायचं म्हणजे काहीही उघडायचं, असंही नाही! २०१८ मध्ये उघड झालेल्या ईफेल (EFAIL) या हल्ल्यातून एन्क्रिप्टेड मेलमध्ये फेरफार करून एचटीएमएलमार्फत मजकूर बाहेर पळवता येतो, हे दिसलं. त्यानंतर ओपनपीजीपीचं सॉफ्टवेअर जीएनयूपीजी, त्याच्या २.२.८ आवृत्तीनं, छेडछाड ओळखणारा एमडीसी हा तपासणी-कोड नसलेला मेल सरळ नाकारायला सुरुवात केली. जुना सायफर असला तर इशारा द्या, एमडीसी नसला तर अडवा. हे दोन मुद्दे एकाच इफमध्ये कोंबू नका.

टेस्टसाठी जुने मेल जुन्या आवृत्तीनंच बनवा. आपल्याच नव्या कोडनं बनवलेला नमुना आपलाच कोड उघडणार, त्यात काय सिद्ध झालं? एआयकडून पॅच लिहून घेणाऱ्यांचं हमखास इथंच बिंग फुटतं. आणि पैसे घेऊन ‘ओपन सोर्स मेंटॉर’ होणाऱ्यांपेक्षा खडूस रिव्ह्यूअर परवडला, तो निदान कोड तरी वाचतो.

उत्तर आलं नाही तर खचू नका, बहुतेक जण नोकरी सांभाळून हे करतात. दोनेक आठवडे थांबून एका ओळीत आठवण करा. तोवर दुसऱ्या कुणाचा पॅच चालवून बघा आणि काय दिसलं ते लिहा. तुमच्या नावाची ओळख तिथूनच सुरू होते.