हंटिंग बो टार्गेटसाठी तयार करताना

अमेरिकेतल्या मामाकडून किंवा भावाकडून हंटिंग बो, म्हणजे शिकारीसाठी बनवलेलं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य मिळालं, की पहिलं काम म्हणजे सोबत आलेले ब्रॉडहेड (बाणाची धारदार पात्यांची टोकं) काढून ठेवणं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि ती धारदार पाती रेंजवरच्या बटची (बाण अडवणाऱ्या जाड लक्ष्याची) चाळण करतात. जाड कापडात गुंडाळून मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. त्याच आट्यांवर बसणारे, तेवढ्याच वजनाचे, बहुधा १०० ग्रेनचे (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं बारीक माप), साधे पॉइंट म्हणजे टोकं मिळतात. ते बाणांना लावा.

बो मात्र नक्की कामाचा आहे. २०२३मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले, २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे. पुण्यातल्या एखाद्या मुलाला घरात आलेल्या बोवर सुरुवात करता येत असेल तर जरूर करावी. फक्त तो नीट लावून घ्यायचा.

हे बो सहसा ७० पाउंडाला लावलेले असतात, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो. वर्ल्ड आर्चरीच्या नियमांत कंपाउंडची मर्यादा ६० आहे. दोन्ही लिंब बोल्ट (लिंब म्हणजे धनुष्याचे वाकणारे हात, ते धरणारे बोल्ट) आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा, सारखेच सैल करा. कुठवर सैल करायचं ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यापुढे एक फेराही नको, कारण लिंब पॉकेटमधून (ते बसतं त्या खोबणीतून) निसटलं तर इजा गंभीर होते. शिकणाऱ्याला ६० पाउंडही जडच. बो त्याखाली उतरत नसेल तर हलके लिंब मिळतात का ते बघा, नाहीतर खांदा दुखावून घ्याल. ड्रॉ लेंथही (स्ट्रिंग किती मागे ओढायची ते अंतर) मामाच्या हाताची आहे, तुमच्या नाही. कॅमचं (टोकाच्या चाकाचं) मॉड्यूल, म्हणजे त्यावरचा सुटा भाग, बदलून ती आधी जुळवा. बाकी सगळं त्यानंतर.

आता बाण. पाउंडेज उतरलं की जुने बाण त्या बोसाठी ताठ पडतात. २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर बाण ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगलं की तो जितका वाकतो, तो त्याचा स्पाइन: ०.३४० इंच वाकला तर ३४०. आकडा लहान तेवढा बाण ताठ. ७० पाउंडासाठी घेतलेला ३४०चा बाण ५० पाउंडावर नीट वाकत नाही आणि रेस्टवरून (बाण टेकवायच्या आधारावरून) तिरका निघतो. जड पॉइंट लावला तर तो जरा नरम वागतो. कापून आखूड केला तर आणखी ताठ होतो, म्हणून कापायची घाई करू नका. वेगाच्या मोहापायी अगदी हलके बाणही घेऊ नका. पाउंडामागे किमान ५ ग्रेन, म्हणजे ५० पाउंडाला २५० ग्रेन, याखाली गेलात तर धक्का बाणाऐवजी लिंब आणि स्ट्रिंग खातात. सोडण्याआधी प्रत्येक कार्बन बाण हलकेच वाकवून कानाशी धरा. कडकड आली तर तो बाण बाद. फुटलेल्या कार्बनची कुसळं हातात घुसतात.

दोन कॅमचा बो असेल तर पूर्ण ओढल्यावर दोन्हींचे स्टॉप (ओढ थांबवणारे अडथळे) एकाच वेळी टेकायला हवेत. ते कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. जमत नसेल तर बो प्रेसवर (बो दाबून धरणाऱ्या यंत्रावर) लावून कॅम जुळवायचं काम जाणकाराकडेच द्या. स्ट्रिंगचे धागे तुटलेले दिसले तर नवी घाला. नॉक (बाणाच्या मागची खाच) स्ट्रिंगवर टक असा बसावा, बाण खाली लोंबकळला तरी पडू नये आणि बोटाने टिचकी मारताच सुटावा.

मग पेपर. लाकडी चौकटीला वर्तमानपत्राचं एक पान ताणून लावा, मागे भक्कम बट ठेवा आणि पाच-सहा फुटांवरून बाण सोडा. मधे गोल भोक आणि त्याभोवती तीन पिसांच्या चिरा उमटल्या, तर बाण सरळ गेला. पिसांच्या चिरा भोकाच्या वर फाटल्या असतील तर शेपूट वर होतं: डी-लूप (स्ट्रिंगवर बाण बसतो तिथला दोरीचा छोटा फास) जरा खाली घ्या किंवा रेस्ट जरा वर. एका वेळी एकच गोष्ट, तीही केसभर. पण फाटलेला कागद बघून लगेच स्क्रूला हात घालू नका. ग्रिप (बो धरायची मूठ) पिळली गेली तरी कागद फाटतो, म्हणून लागोपाठ तीन-चार बाण सारखेच फाटले तरच रेस्ट हलवायची.

खरी परीक्षा बेअर शाफ्टची, म्हणजे बिनपिसांच्या बाणाची, आणि ती अनेक जण टाळतात. शिकारी लोक वेगवान बोवर ब्रॉडहेड साध्या पॉइंटच्याच ठिकाणी लागतात का ते तपासतात, कारण पुढची पाती पंखासारखी हवा कापतात आणि बाण जरासा तिरका निघाला तरी त्याला भलतीकडे नेतात. आपल्याकडे तेच काम पीस न लावलेला बाण करतो: चूक सावरणारं मागे काहीच नसतं. २० मीटरवरून पिसांचे तीन बाण आणि बिनपिसांचे दोन सोडा. बिनपिसांचे डावीकडे गेले तर रेस्ट किंचित उजवीकडे. खाली गेले तर रेस्ट किंचित वर. दोन्ही जवळजवळ एकत्र लागेपर्यंत साइटला (नेम धरायच्या साधनाला) हात लावायचा नाही. साइट सरकवली की २० मीटरवर सगळं मधल्या पिवळ्या वर्तुळात दिसतं आणि ५० मीटरवर, ८० सेंटीमीटरच्या फेसवर (लक्ष्याच्या कागदावर), बाण कुठेही विखुरतात. मग मूल स्वतःला दोष देत बसतं. ते बघवत नाही.

जमलं की लिंब बोल्ट, रेस्ट आणि पीप साइटच्या (स्ट्रिंगमधल्या, नेम धरताना डोळ्यासमोर येणाऱ्या छिद्राच्या) जागेवर चंदेरी पेनाने खुणा करा. त्यामुळे प्रवासात काही हललं तर लगेच कळतं. नवी स्ट्रिंग सुरुवातीला ताणते आणि पीप फिरते, त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ती बदलू नका. एप्रिल-मेमध्ये बो बंद गाडीत ठेवून बालेवाडीला जेवायला जाऊ नका. उन्हात तापलेल्या गाडीत स्ट्रिंग सैलावते, लिंबही खराब होऊ शकतं. पावसाळ्यात घरी आलं की पुसून स्ट्रिंगला मेण लावा.

सगळ्यात शेवटी प्रत्येक बाणावर स्वतःचं नाव किंवा आद्याक्षरं लिहा. स्पर्धेत ती लागतातच, आणि एका फेरीतल्या बाणांची पिसं, नॉक, रंग सगळं एकसारखं असावं लागतं.