कोकणातली जागा, होमस्टे नि काजूचा कारखाना: बिझनेस स्कूलचे पेपर कसे वाचायचे, कुठे वापरायचे

दापोली-गुहागरपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही चहाला बसा, जागेचा विषय निघतोच, आणि हल्ली त्यात कोणीतरी "अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलचा रिसर्च आहे" म्हणून व्हॉट्सॲपवरचं काहीतरी टाकतोच. तर असला रिसर्च, म्हणजे प्रोफेसरांचे शोधनिबंध (त्यांनाच पेपर म्हणतात), स्वतः वाचायचा कसा आणि आपल्या व्यवहाराला लावायचा कसा, ते लिहितोय. आधीच सांगतो, पेपरातला टक्का उचलून आणायचा नाही, तो तिकडचा असतो. आणायची ती त्यांची मोजायची रीत, आकडे मात्र आपल्या तालुक्याचे घालायचे.

पेपर मिळवायला बहुतेक वेळा पैसे पडत नाहीत. जर्नलच्या (पेपर छापणाऱ्या नियतकालिकाच्या) साइटवर पैसे मागितले तर तिथेच परत फिरू नका, गूगल स्कॉलरवर नाव टाका, प्रोफेसरच्या स्वतःच्या पानावर नाहीतर एसएसआरएनवर (ही पेपर ठेवायची वेबसाइट) फुकट पीडीएफ सापडते. फक्त तारीख बघा, कारण वर्किंग पेपर म्हणजे अजून जर्नलने तपासून पास केलेला नसतो आणि छापून येईपर्यंत त्यातले आकडे बदलू शकतात. मग सुरुवातीचा सारांश वाचायचा आणि गणित-बिणित सोडून सरळ डेटाच्या भागात शिरायचं: कुठली घरं, कुठली वर्षं, किती व्यवहार. त्यानंतर मुख्य टेबल. आकड्याखाली कंसात छोटा आकडा असतो तो बरेचदा स्टँडर्ड एरर, म्हणजे वरचा आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप (कधीकधी तिथे टी-व्हॅल्यू, म्हणजे वरच्या आकड्याला या एररने भागून आलेली संख्या असते, टेबलाखालची टीप वाचा), वरचा आकडा स्टँडर्ड एररच्या दुपटीहून मोठा असला तर त्यात दम आहे असं ढोबळ धरायचं. एवढं केलंत तरी अर्धे फॉरवर्ड तिथेच गळतात.

आता जागा घेताना. 1987 सालचा ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांचा पेपर आहे, ॲरिझोनातल्या टुसॉनचा. त्यांनी मुरलेल्या एजंटांना एक घर प्रत्यक्ष दाखवलं, सोबत माहितीचं पाकीट दिलं, पाकिटात मुख्य फरक एकच, मालकाने मागितलेली किंमत कोणाला जास्त लिहून दिली, कोणाला कमी. झालं, ज्याला जास्त दाखवली त्याने घराची खरी किंमतही जास्त काढली. आणि वर बहुतेकांचं म्हणणं काय, तर मागणीच्या किमतीकडे आम्ही बघितलंसुद्धा नाही! धंद्यातल्या माणसाचं हे, तर मुंबईहून गणपतीला येऊन दोन दिवसांत जागा बघणाऱ्याचं काय होत असेल. म्हणून "काय गुंठा?" हा प्रश्न पहिला विचारूच नका. आधी महाभूनकाशावरून (सरकारचा ऑनलाइन जमिनीचा नकाशा) शेजारपाजारचे गट नंबर उतरवून घ्या, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष, गट नंबर टाकून त्यांचे इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा सारांश) काढा, आणि वहीत लिहा: तारीख, क्षेत्र, रक्कम, रस्ता लागतो का नुसती पाखाडी (पायवाट), कातळ आहे का कलमांची बाग, विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का. कागदावरचा आकडा नि खरा आकडा यात कुठे कुठे फरक असतो हे आपल्याला माहीत आहेच, तरीपण दहा-बारा व्यवहार एकाखाली एक लिहिले की अंदाज येतो. तुमचा स्वतःचा आकडा कागदावर उतरला की मग मालकाला फोन करा.

बाकी सातबाऱ्यावरची सतरा नावं, त्यातले तिघे मुंबईत नि एकाचा पत्ताच नाही, हे कुठल्या अमेरिकन पेपरात येत नाही. ते वकिलाकडूनच तपासायचं. शेतजमीन असेल तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो तेही आलंच.

एजंटचं बघा. शिकागो विद्यापीठातल्या लेविट आणि सिव्हरसन यांनी 2008 मध्ये शिकागोच्या उपनगरांतल्या जवळजवळ 1 लाख घरांच्या विक्रीचा पेपर छापला. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि 3.7 टक्के जास्त भाव घेतो, गिऱ्हाइकाचं घर असेल तर सौदा लवकर उरकतो. कारण सरळ आहे, 2 टक्के कमिशन धरलं तर तुम्हाला 1 लाख जास्त मिळाले की त्याच्या खिशात 2 हजार पडतात, त्यासाठी तो महिनाभर कशाला थांबेल? आपल्याकडे तर बरेचदा दोन्हीकडून कमिशन. म्हणजे एजंट वाईट असतो असं नाही, पण "आत्ताच द्या, पुढे भाव नाही" हे वाक्य कोणाच्या सोयीचं आहे ते बघायचं. विकणारे असाल तर एका ठरावीक रकमेच्या वरच्या भागावर जास्त टक्के कमिशन द्यायचं बोला, तो पण जरा दम धरतो.

आता होमस्टे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. केंब्रिजच्या जज बिझनेस स्कूलचे डेव्हिड चेंबर्स आणि त्यांचे दोन सहकारी, ख्रिस्तोफ स्पॅन्येर्स नि एव्हा स्टायनर, यांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांच्या मालमत्तेच्या हिशोबवह्या काढल्या, 1901 ते 1983. नुसतं भाडं न बघता दुरुस्ती, व्यवस्था असला सगळा खर्च वजा केला, तर महागाई काढून राहत्या घरांवर वर्षाला साधारण 2.3 टक्के सुटले आणि शेतजमिनीवर 4.5, तेही किंमत वाढली ती धरून. त्याआधी गाजलेल्या एका मोठ्या अभ्यासात 16 देशांचे आकडे घेऊन घरांचा परतावा जवळपास शेअरइतका, 7 टक्क्यांच्या आसपास दाखवला होता. एवढा फरक का, याचं मोठं कारण वहीतला प्रत्यक्ष खर्च.

तर तीच वही इथे मांडू. समजा घर नि जागा मिळून 50 लाख. वर्षात 90 रात्री बुकिंग (पावसाळ्यात कोण येतंय, आणि मे महिन्यात एकाच तारखेला सगळ्यांना यायचं असतं), रात्रीचे 3 हजार, म्हणजे 2 लाख 70 हजार. आता वजा करा: राखणदार महिना 8 हजार म्हणजे 96 हजार, बुकिंग ॲपचं कमिशन 15 टक्के धरलं तर 40,500, लाइट-पाणी-गॅस 24 हजार, आणि पावसाआधीची कौलं, रंग, वाळवी, खाऱ्या हवेने गंजलेल्या खिडक्या मिळून 40 हजार. राहिले 69,500. पन्नास लाखांवर दीड टक्कासुद्धा नाही! किंमत वाढेल ती वेगळी, पण ती विकाल तेव्हा, आणि भाऊबंदकीत विकता आली तर. याचा अर्थ घेऊ नका असा नाही. गावात आपलं घर असावं म्हणून घेताय तर खुशाल घ्या, फक्त बँकेच्या हप्त्याचा भार होमस्टेवर टाकू नका, तो त्याला झेपत नाही.

समुद्राकाठची जागा असेल तर दोन पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचा. बर्नस्टीन, गुस्ताफसन आणि लुईस यांनी 2019 मध्ये दाखवलं की समुद्राची पातळी वाढल्यावर पाण्याखाली जाऊ शकतील अशी अमेरिकेतली घरं तशाच दुसऱ्या घरांपेक्षा साधारण 7 टक्के स्वस्त विकली जातात. लगेच 2020 मध्ये मर्फिन आणि स्पीगल यांचा पेपर, की भावावर काही ठळक परिणाम दिसतच नाही. दोघांनी मोजलं वेगळं. दुसऱ्यांनी बघितलं की घराची उंची सारखीच, पण कुठे किनाऱ्याची जमीन खचतेय, कुठे वर येतेय, म्हणजे पाणी पोचायला लागणारा काळ वेगळा, मग भावात फरक पडतो का. एकच पेपर वाचणारा माणूस इथे फसतो. आपल्यापुरतं काय करायचं तर सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचा) नकाशा काढा (2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण भागात लोकवस्ती दाट की विरळ यावरून ना-विकास पट्टा 50 मीटर की 200 मीटर ते ठरतं), आणि 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात या वाडीत पाणी कुठवर आलं, किती पोफळी पडल्या, ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. दिवेआगर-श्रीवर्धनकडे लोक बोट दाखवून सांगतात.

शेवटी धंदा चालवायचं, आणि हा पेपर तर आपल्याच किनारपट्टीचा आहे. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि मंडळींनी तारापूर नि उंबरगावच्या कापड गिरण्यांवर प्रयोग केला, 17 कंपन्या, 28 गिरण्या. कोणाला सल्लागार मिळणार नि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, त्यामुळे "ते आधीपासूनच हुशार होते" म्हणायला जागा उरली नाही. (सिंधुदुर्गात चिपीला विमानतळ आला म्हणून जमिनीचा भाव वाढला म्हणताना हेच विचारायचं, विमानतळ नसलेल्या तशाच गावात किती वाढला?) सल्लागारांनी शिकवलं ते अगदी साधं: मशीनची देखभाल वेळापत्रकाने करा, रोज किती माल खराब निघाला आणि का ते लिहा, सूत कुठल्या रॅकवर कुठलं ते लेबल लावा. पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली.

काजूच्या कारखान्यात हेच करायचं तर एक फळा लावा. रोज संध्याकाळी लिहायचं: बी किती किलो फोडली, त्यात अख्खा काजूगर किती, पाकळी किती, तुकडा किती, कुठल्या कटिंग मशीनवर, बी कुठल्या लॉटची आणि उकडून झाल्यावर किती तास पसरून ठेवली होती. अख्ख्या गराला नि तुकड्याला मिळणाऱ्या भावात केवढा फरक आहे ते तुम्हाला माहीत आहे. पंधरा दिवस फळा भरला की तुकडा ब्लेडमुळे पडतोय, का उकड कमी झाली म्हणून, का मुळात बीच ओली आली होती, ते दिसायला लागतं. पहिला आठवडा कामगार वैतागतात, चालायचंच, फक्त फळ्यावरून कोणाचा पगार कापू नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून आकडे खोटे येतील.

त्या गिरण्यांत ही मंडळी 2017 मध्ये परत गेली तर शिकवलेल्यातल्या निम्म्या सवयी सुटलेल्या, तरी बाकीच्या गिरण्यांपेक्षा त्या पुढेच होत्या. सुटायची मोठी कारणं दोन, मॅनेजर सोडून गेला आणि मालकाला बघायला वेळ नाही. म्हणून फळा भरायचं काम एकट्या सुपरवायझरकडे ठेवू नका, घरातल्या एकाला आणि कामावरच्या एकाला मिळून द्या, आणि दर सोमवारी त्याचा फोटो मुंबईला बसलेल्या पार्टनरला गेला पाहिजे.