फळं सगळ्यात शेवटी: घरच्या स्मूदीतल्या प्रोटीन, कार्ब आणि फॅटचा हिशेब

दोन केळी, पाव लिटर संत्र्याचा रस आणि वर एक टेबलस्पून मध. या पेल्यात कार्ब (कर्बोदकं, म्हणजे साखर, पिष्ट आणि तंतू) सुमारे ९७ ग्रॅम, प्रोटीन जेमतेम ४ ग्रॅम आणि फॅट दीड ग्रॅमही नाही. कॅलरी मात्र ४००च्या वर. नाश्त्याएवढी ऊर्जा पोटात जाते, पण भूक लांबवणारं त्यात फारसं काही नसतं. मग थोड्याच वेळात पुन्हा खावंसं वाटतं आणि ‘स्मूदीने पोट भरत नाही’ असा ठपका सरसकट सगळ्या स्मूद्यांवर बसतो.

फळांपासून सुरुवात केली की हे हमखास होतं. कार्बची चिंता करावीच लागत नाही, ते आपोआप येतात. प्रोटीन ठरवून घालावं लागतं, आणि फॅटवर लक्ष ठेवलं नाही तर ते मोजमापाबाहेर जातं. त्यामुळे आधी प्रोटीन ठरवा, मग फॅट, आणि उरलेल्या जागेत फळं बसवा.

नाश्त्याऐवजी घ्यायची असेल तर एका पेल्यासाठी ३५० ते ४०० कॅलरी, त्यात २० ते २५ ग्रॅम प्रोटीन, ३५ ते ४५ ग्रॅम कार्ब आणि १० ते १५ ग्रॅम फॅट, एवढं धरून चाला. मधल्या वेळी हवी असेल तर सगळं निम्मं. व्यायामाच्या जरा आधी प्यायची असेल तर फॅट आणि बिया कमी करा, कारण त्या पचायला वेळ लागतो आणि पोट जड राहतं. प्रोटीन आणि कार्बच्या प्रत्येक ग्रॅमला ४ कॅलरी, फॅटच्या ग्रॅमला ९. एवढं पाठ असलं की बाकीचा हिशेब पाकिटावरून करता येतो.

प्रोटीन

२५० मिली दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रोटीन असतं, साय असो वा नसो. फरक फॅटमध्ये: सायीच्या दुधात ८ ग्रॅम, साय पूर्ण काढलेल्या दुधात जवळजवळ शून्य. सोया दूध प्रोटीनमध्ये गाईच्या दुधाच्या आसपास जातं. बदामाचं दूध मात्र फसवं. बदामात प्रोटीन असतं म्हणून लोक ते घेतात, पण विकतच्या बदामाच्या दुधात बहुतेक पाणीच असतं आणि पेलाभरात प्रोटीन १ ग्रॅमच्या आसपास.

साध्या दह्यात १०० ग्रॅमला साडेतीन ग्रॅम प्रोटीन, बिनफॅटच्या ग्रीक योगर्टमध्ये (पाणी निथळून घट्ट केलेल्या दह्यात) १० ग्रॅम. घरचं दही फडक्यात बांधून दोन-तीन तास फ्रिजमध्ये निथळत ठेवलं आणि ते वजनाने निम्मं झालं, तर प्रोटीन सहा-सातपर्यंत जातं. पण दही सायीच्या दुधाचं असेल तर फॅटही जवळपास दुप्पट होतं, तेव्हा त्यात वर पीनट बटर नको.

व्हे पावडरच्या (दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची पूड) ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम प्रोटीन मिळतं. स्कूपचा आकार कंपनीगणिक बदलतो आणि काही पावडरींत साखर असते, म्हणून डब्यावरचा तक्ता वाचा. कच्चं अंडं घालू नका. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा धोका त्यासाठी पत्करण्यासारखा नाही.

फॅट

पीनट बटर प्रोटीनसाठी घालतात, पण ते आधी फॅट आहे. एका सपाट टेबलस्पूनमध्ये, म्हणजे १६ ग्रॅममध्ये, ८ ग्रॅम फॅट आणि ४ ग्रॅम प्रोटीन. शीग लावून काढलेला चमचा सहज ३० ग्रॅमचा होतो आणि तिथेच जवळपास ९० कॅलरी जास्तीच्या पडतात. चमच्याला चिकटलेलं किती आणि पडलं किती, हेही कळत नाही. त्यापेक्षा पीनट बटरची बरणीच डिजिटल वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि चमच्याने काढत जा. उणे १६ दिसलं की थांबायचं.

चियाच्या टेबलस्पूनमध्ये (१२ ग्रॅम) ४ ग्रॅम फॅट आणि ५ ग्रॅम कार्ब, त्यातले ४ निव्वळ तंतू. जवस घालायचं तर दळून; अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात. फॅट अगदीच काढून टाकू नका. आंबा-पपईतलं बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) नीट शोषलं जायला थोडं फॅट लागतंच.

कार्ब

१०० ग्रॅम फळातले कार्ब असे: स्ट्रॉबेरी ८, पपई ११, आंबा १५, केळं २३. दाटपणासाठी अर्धं केळं पुरतं. रस आणि मध यांतली साखर जागतिक आरोग्य संघटना मुक्त साखरेत (वरून घातलेली, आणि मध, पाक व रसातली साखर) धरते आणि ती दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवायला सांगते. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर मर्यादा ५० ग्रॅम. सुरुवातीच्या पेल्यात रस आणि मध मिळूनच ४०च्या आसपास होते.

एक पेला, मोजून

- बिनफॅटचं ग्रीक योगर्ट १५० ग्रॅम
- सायीचं दूध १५० मिली
- पीनट बटर १६ ग्रॅम
- अर्धं केळं, सालीशिवाय ६० ग्रॅम
- गोठवलेली स्ट्रॉबेरी १०० ग्रॅम

एकूण प्रोटीन २५, कार्ब ३८, फॅट १४ ग्रॅम. सुमारे ३८० कॅलरी. म्हणजे पहिल्या पेल्यापेक्षा कॅलरी थोड्या कमीच, आणि प्रोटीन सहापट.

भांड्यात आधी दूध, मग योगर्ट आणि पीनट बटर, मग केळं, गोठवलेलं फळ सगळ्यात वर. पीनट बटर भांड्याच्या कडेला लागू देऊ नका, तिथेच चिकटून बसतं. २० सेकंद हळू, मग ४० सेकंद जोरात. पात्याभोवती पोकळी झाली तर आवाज एकदम हलका होतो आणि वरचं फळ जागचं हलत नाही. मिक्सर बंद करा, उलथन्याने खाली ढकला, दोन टेबलस्पून दूध घाला. इथे अंदाजे अर्धा पेला ओतला की दाटपणाही गेला आणि हिशेबही.

व्हे पावडर घालायची तर शेवटी, फक्त पाच-दहा सेकंद. जास्त फिरवली की त्यातली प्रथिनं हवा धरून ठेवतात आणि निम्मा पेला फेसाने भरतो. चिया आधी १०-१५ मिनिटं दुधात भिजवा, नाहीतर प्यायला घेतल्यावर पेल्यातच घट्ट होत जातो. अननस, किवी आणि पपईत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. दुधा-दह्यात ती ठेवून दिली की चव कडवट होते. गोठवल्याने ती मरत नाहीत. अशी स्मूदी केल्या केल्या प्या, किंवा उष्णता दिलेला डब्यातला अननस वापरा, पाकातला नव्हे.

गोडी कमी वाटली तर मधाकडे हात जाण्याआधी चिमूटभर मीठ घालून बघा. थंडपणामुळेही गोडी दबते, दोन मिनिटं थांबून चाखा. साल काळ्या ठिपक्यांवर आलेलं केळं जास्त गोड असतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर प्रोटीन आणि फळांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

उरलेली स्मूदी काठोकाठ भरलेल्या बाटलीत, फ्रिजमध्ये, फार तर २४ तास. रोज सकाळी मोजायचा कंटाळा येत असेल तर केळं आणि स्ट्रॉबेरी एकेका पेल्याच्या मापाने पिशव्यांत भरून गोठवा. योगर्ट त्या पिशवीत घालू नका, वितळल्यावर ते रवाळ होतं आणि पाणी सोडतं.