फोलेट आणि मेल फर्टिलिटीवर प्रोजेक्ट घेताय? मग हे आधी वाचा

सोलापुरात एमएस्सी बायोकेमला आलेल्या ज्युनियर पोरांचा दरवर्षीचा प्रश्न ठरलेला, दादा फर्टिलिटीवर काहीतरी करायचंय, फोलेट घेऊ का. घ्या की, फोलेट म्हणजे बी९ जीवनसत्त्व, विषय भारीच आहे. फक्त गोळी दिली की शुक्राणूंचा काउंट वाढतो असं आधीच ठरवून येऊ नका, फोलेटचं शरीरात पुढं काय काय होतं तो पाथवे बघितला की अगदी तसंच वाटतं आणि तिथंच सगळे गंडतात.

पाथवे हाताने काढून काढून पाठ करा. फॉलिक ॲसिडचं, म्हणजे गोळीतल्या फोलेटचं, डीएचएफआर एन्झाइममुळं टेट्राहायड्रोफोलेट होतं, तिथनं पुढं मुख्य दोन वाटा धरायच्या. एक थायमिडिलेट बनवते म्हणजे डीएनए, आणि शुक्राणू तयार होताना पेशी धडाधड विभागत असतात त्यामुळं ती लागणारच. दुसरी एमटीएचएफआर ह्या एन्झाइममधनं जाते, होमोसिस्टीन ह्या अमिनो ॲसिडचं मेथिओनिन, त्याचं सॅम (मिथाइल ग्रुप देणारा रेणू), आणि मग डीएनएला मिथाइल ग्रुप जोडले जातात. ह्या वाटेवर बी१२ कमी पडलं की फोलेट मिथाइल रूपातच अडकतं, रक्तात आकडा झकास दिसतो आणि पेशीला उपयोग काही नाही. आपल्याकडं शाकाहारी मंडळी भरपूर, म्हणून बी१२ न बघता नुसतं फोलेट मोजलं तर व्हायवाला (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न तोच येणार.

वाचायचे पेपर दोनच सांगतो. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या टीमने २६ आठवडे फॉलिक ॲसिड आणि झिंक दिलं, सबफर्टाइल, म्हणजे मूल व्हायला अडचण येणाऱ्या, पुरुषांत नॉर्मल शुक्राणूंची एकूण संख्या ७४ टक्क्यांनी वाढली. सगळे खूश. मग २०२० ला अमेरिकेतली मोठी ट्रायल आली, २३७० जोडपी, पुरुषांना रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक सहा महिने, आणि ना सीमेनची (वीर्याची) क्वालिटी सुधारली ना बाळं जास्त झाली, उलट शुक्राणूंच्या डीएनएचे तुकडे पडण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं निघालं. माझ्या मते हा दुसरा पेपर आधी वाचावा. कमतरता भरून काढणं वेगळं आणि भरल्या ताटात अजून वाढणं वेगळं.

आता लॅबचं. शुक्राणू तयार व्हायलाच साधारण ७४ दिवस लागतात, वर बाहेर पडेपर्यंतचा प्रवास, म्हणून महिनाभराची स्टडी डिझाइन करून काही हाती लागत नाही. सीरम फोलेट (रक्तातल्या द्रव भागातलं) कालपरवा काय खाल्लं ते सांगतं, मागच्या दोन-तीन महिन्यांचं बघायचं तर आरबीसी (लाल पेशींतलं) फोलेट करा. आणि हिमोलाइज झालेलं सॅम्पल सीरम फोलेटला चालतच नाही, लाल पेशींत फोलेट कितीतरी जास्त असतं, त्या फुटल्या की आकडा उगाच फुगतो.

सीमेन सॅम्पल शक्यतो सेंटरवरच घ्यायचं. मे महिन्यात एखादा भाऊ अक्कलकोट रोडवरनं डबी गाडीच्या डिक्कीत टाकून आणतो, आत भट्टी झालेली असते, मग मोटिलिटी (शुक्राणूंची हालचाल) पडलेली दिसणारच, त्याचा फोलेटशी काय संबंध. घरूनच आणायचं असेल तर डबी शर्टच्या आत अंगाजवळ ठेवून तासाभरात पोचवा म्हणून सांगायचं, आणि हे सांगताना आपण लाजलो तर समोरचा दुप्पट लाजतो. न्यूबॉअर चेंबरवर (मोजणीची चौकटी आखलेली काच) सॅम्पल पातळ करून दोन स्वतंत्र डायल्यूशन्स लावून प्रत्येकात निदान २०० शुक्राणू मोजायचे, दोन्ही आकडे जुळले तरच लिहायचे, नाहीतर परत. कंटाळा येतो, मान धरते, पण पर्याय नाही.

पेशंट गोळीबद्दल विचारणारच, विशेषतः बायकोला फॉलिक ॲसिड चालू असलं की मला पण देऊ का म्हणतात. तिला ते बाळाच्या मज्जारज्जूसाठी असतं एवढं सांगा आणि बाकी डॉक्टरांकडं पाठवा, आपण लॅबवाले, गोळ्या सुचवायच्या नाहीत. खायचं विचारलं तर हरभरा, मटकी, शेंगा, पालेभाजी बिनधास्त सांगा, फक्त भाजी उकडून पाणी फेकलं की फोलेट त्या पाण्याबरोबर जातं.

आणि एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्या सेमिस्टरलाच टाका, मंजुरी येईपर्यंत सॅम्पलला हात लावता येत नाही.